दिवाळीची रेघ

आमच्या शहरातल्या पाण्याला दोन नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात ते दुष्फेन, घरात ते जड. नाव कोणतेही घेतले तरी साबण हातावर नुसताच सरकतो, तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाण्यादाण्याने वेगळी राहते, चहावर तपकिरी पापुद्रा धरतो आणि नळाच्या तोंडाशी पांढरे खडे वाढत जातात. नवी सून आली की पहिल्या महिन्यात तिचे केस गळतात आणि दुसऱ्या महिन्यात ती त्याबद्दल बोलायचे सोडून देते.

या पाण्याचे शास्त्र साधे आहे. पठाराच्या खडकातून झिरपताना पाणी आपल्याबरोबर चुना घेऊन येते. थंड असते तोवर तो त्यात विरघळून राहतो, दिसत नाही. पाणी तापवले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन भांड्याला चिकटतो. गीझरच्या टाकीत असा दगड रोज सकाळी केसापेक्षाही कितीतरी बारीक थराने साठतो. एका माणसाच्या अंघोळीला एवढा, दोघांना त्याच्या दुप्पट. घर गावाला गेले तर काहीच नाही.

हा दगड वाचणारे यंत्र आमच्या थरवाचन केंद्रात आहे. जुन्या सूतगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी सूत गुंडाळले जाई त्या दालनात, मी त्याच्याजवळ बसतो. टाकीतून कापलेला नखाएवढा तुकडा घासून आरशासारखा करायचा, मग लेसरचा किरण त्याच्यावरून बाहेरून आत, म्हणजे आजपासून भूतकाळाकडे सरकवत न्यायचा. किरण जिथे पडतो तिथला कण वाफ होतो आणि यंत्र त्या वाफेत काय आहे ते सांगते. सुरुवातीला हे फक्त पाण्याची गळती आणि चोरी शोधण्यासाठी होते. मग विमावाले आले, मग घरमालक, शेवटी कुटुंबे. घरात कोण किती काळ राहिले याचा साक्षीदार प्रत्येकाच्या न्हाणीघरात टांगलेला आहे, हे लोकांच्या लक्षात आले होते.

वर्षे मोजण्याची अडचण मात्र होती. पूर्वी ती सोपी असे. पावसाळ्यात धरणाचे हलके पाणी, उन्हाळ्यात खोल बोअरचे जड पाणी; झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखी वर्षे वेगळी दिसत. पण २०३१ मध्ये मिश्रण प्रकल्प सुरू झाला आणि बारा महिने एकाच प्रमाणाचे पाणी येऊ लागले. तेव्हापासून आमच्या पाण्याला ऋतू उरले नाहीत. रोजचे थर एकेक करून मोजावेत तर काही महिन्यांतच मोजणी हुकते.

यावरचा उपाय मी शोधला. आयुष्यात मी शोधलेली ती एकच गोष्ट. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गीझरमध्ये लिंबूसत्व घालून ठेवतात, कारण अभ्यंगस्नानाचे पाणी स्वच्छ टाकीतले हवे. पूर्वी तांब्याचा बंब चिंचेने घासत, त्याचाच हा पुढचा अवतार. त्या आंबटपणाने दगडाची वरची साल विरघळते, आणि कापलेल्या तुकड्यात तिथे एक काळसर, चमकदार रेघ दिसते. दर वर्षी एक. मी तिला दिवाळीची रेघ म्हटले. मुसलमान घरांत ती रमजान ईदची पडते. त्यासाठी मी वेगळे कोष्टक केले होते. आपण सगळ्यांचा विचार केला आहे असे मला वाटत होते. केंद्रप्रमुख नलावडे मॅडमनी नियम मान्य करून घेतला, आणि दोन वर्षांत त्याच्या आधाराने दोनशे चौदा अहवाल बाहेर गेले.

त्यातला एक हातात घेऊन ती बाई जानेवारीतल्या सोमवारी दालनाच्या दारात उभी राहिली. वाचणाऱ्याला नमुन्याचा फक्त क्रमांक कळतो, घराचे नाव कळत नाही. पण अहवालावर सही वाचणाऱ्याची असते.

"अवधूत देशमाने तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"मग मला त्याचं नाव सांगा."

"कोणाचं?"

"जो माझ्या न्हाणीघरात वर्षभर अंघोळ करून गेला त्याचं. सगळ्यांना दिसला. मलाच तेवढा दिसला नाही."

तिचे नाव शलाका मोटेगावकर. तिने खुर्ची घेतली नाही. उभ्या उभ्याच, पाठ केल्यासारखे सांगितले: नवरा सुधीर २०३८ च्या भाद्रपदात गेला. मुलगी रेवा, फेब्रुवारीत नऊ पूर्ण करील. दिराचे म्हणणे, मुलगी आजीकडे राहावी. प्रकरण कुटुंब समेट केंद्रात गेले. तिथे हिने शपथेवर सांगितले होते की सुधीर गेल्यावर घरात आम्ही दोघीच होतो, तिसरे कोणी नाही. दिराने थरवाचन मागितले. अहवालात आले की दिवाळी २०३८ ते दिवाळी २०३९ या वर्षी घरात नेहमीच्या अडीच पट गरम पाणी वापरले गेले. किमान एक प्रौढ व्यक्ती जास्त असावी.

"समेटाच्या बनसोडे बाई म्हणाल्या, कोणी राहिला असता तरी तो गुन्हा नव्हता. पण तुम्ही खोटं बोललात. खोटं बोलणाऱ्या आईजवळ मुलगी ठेवायची का, हा आता प्रश्न आहे. गुरुवारी निकाल."

मी अहवालाकडे पाहत राहिलो. नमुना ४४१७. मला तो आठवत होता. जाड थर नेहमी लक्षात राहतात.

"यंत्र चुकतं का हो?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती.

"यंत्र चुकत नाही," मी म्हणालो. ते खरे होते.

"मग माणूस चुकत असेल," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई गीझरच्या लाल दिव्याकडे पाहत उभी होती. वडील श्रावणात गेल्यापासून तिला अशी कुठेही उभी राहण्याची सवय लागली आहे.

"पाणी तापेना झालंय बघ. अर्धा तास झाला," ती म्हणाली.

"थर साठला असेल. दिवाळीत लिंबूसत्व किती घातलं होतंस?"

आईने माझ्याकडे वळून पाहिले.

"यंदा?"

"हो, यंदा."

"यंदा कुठली दिवाळी, अवधू?"

फडताळात लिंबूसत्वाची पुडी न फोडलेली होती. वडिलांनीच आषाढात महिन्याच्या सामानाबरोबर आणून ठेवलेली; त्यांना सगळे आधीपासून आणून ठेवायची सवय होती.

"म्हणजे वर्षभर घासायचं नाही असा नियम आहे का?"

"नियम कसला? अभ्यंगस्नानच नाही तर टाकी कुणासाठी घासायची? साधं पाणी घ्यायचं अंगावर आणि आपल्या कामाला लागायचं." मग म्हणाली, "तू होतास की घरात."

मी होतो. चार शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले होते, कारण आमच्याकडे काही केले नव्हते. खिडकीशी उभा राहून मी चहाबरोबर चकली खाल्ली होती. शहरातल्या कितीतरी घरांचे दगड वाचणाऱ्या मला त्या चकलीतून काहीही वाचता आले नव्हते.

मी चप्पल पुन्हा पायांत घातली.

"जेवून तरी जा," आई म्हणाली.

"येतो."

एरवी आम्ही तुकड्यावरून किरण एकदाच, वेगाने नेतो. रेघा मोजायला तेवढे पुरते. बारीक वाचनाला दोन दिवस लागतात आणि यंत्र अडकून पडते, म्हणून माझा नियम आल्यापासून ते कोणी करीत नव्हते. ४४१७ चा उरलेला तुकडा मी पुन्हा बसवला आणि किरण सर्वांत मंद गतीवर लावला.

बुधवारी दुपारी पडद्यावर ते घर दिसू लागले. ज्याला मी एक वर्ष समजलो होतो तो थर सारखा नव्हताच. आतल्या बाजूला, म्हणजे आधीच्या काळात, तिघांचे पाणी होते: दोन मोठी माणसे, एक लहान मूल. मग एक अगदी अरुंद पण फुगीर पट्टी, बारा-तेरा दिवसांची असावी. घर माणसांनी भरलेले आणि पाणी सतत तापणारे. तिच्यानंतर एकाएकी थर बारीक झाला होता, आणि तिथून पुढे तो बारीकच राहिला. पहिल्या वाचनात हे सगळे एका आकड्यात मिसळून गेले होते. आता दिसत होते की वर्षे दोन होती. मधली रेघ पडलीच नव्हती. तिघांचे एक वर्ष आणि दोघींचे एक वर्ष मी एकावर एक रचले होते आणि त्या ढिगाला परका पुरुष म्हटले होते.

तरी बारीक होणारा थर म्हणजे नवरा गेला, हे माझे म्हणणे झाले. मला वर्षाचा पुरावा हवा होता. मी किरण आणखी आत नेला. सर्वांत आतल्या, म्हणजे सर्वांत जुन्या रेघेनंतर थोड्या अंतरावर सव्वा महिन्याचा एक फुगवटा होता. दिवसातून दोनदा, कधी तीनदा तापलेले पाणी. पहिल्या अहवालात मी त्याची नोंद 'पाहुणे' अशी करून पुढे गेलो होतो, कारण मला विचारलेला प्रश्न त्या वर्षाचा नव्हता. माझ्या मोजणीप्रमाणे तो फुगवटा २०३५ च्या सुरुवातीला येत होता. रेवा जन्मली होती २०३४ मध्ये.

नलावडे मॅडमनी सगळे शांतपणे पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती अहवाल या नियमावर गेले?"

"दोनशे चौदा."

"त्यांतल्या किती घरांत मधे कोणी गेलं असेल?"

"माहीत नाही. आपण विचारलंच नव्हतं."

त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. खाली गिरणीच्या आवारातल्या हौदावर बायका कपडे आपटत होत्या. फेस न येणाऱ्या पाण्यात धुणे आपटावेच लागते.

"गंमत बघ," मॅडम म्हणाल्या, "मी स्वतः सासऱ्यांच्या वर्षात दिवाळी केली नव्हती. आणि तुझ्या नियमावर सही करताना मला ते आठवलं नाही. इथे आलं की आपण घर बाहेर ठेवून येतो." मग म्हणाल्या, "नियम तुझा, सही माझी. पत्र मी देते. पण उद्या तिथे बोलायचं तू."

"मॅडम, मला चारचौघांत—"

"माहीत आहे. तरी तूच."

समेट केंद्राच्या खोलीत एक लांब टेबल होते आणि त्यावर पाण्याचा जग. जगाच्या आतल्या बाजूला पांढरी कडी चढलेली. एका बाजूला शलाकाताई, दुसऱ्या बाजूला दीर दीपक आणि त्याची आई गिरिजाबाई. मधे बनसोडे बाई. मी पत्र दिले. बाईंनी ते दोनदा वाचले.

"हे यात लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी बोलायला लागलो आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेवटी सांगणे सोडून मी गिरिजाबाईंकडे वळलो.

"आजी, एक विचारायचं होतं. अडतीस साली घरात दिवाळी झाली होती का?"

"हा काय प्रश्न आहे?" दीपक म्हणाला. "तुम्ही पाण्याचं बोला ना."

"थांब रे." गिरिजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. "माझा सुधीर भाद्रपदात गेला, आणि तुम्ही मला त्या साली दिवाळी केली का म्हणून विचारता?"

"हो," मी म्हणालो. "मला तेच विचारायचं आहे."



"नव्हती," त्या म्हणाल्या. "कशी असंल? हिच्याकडं नव्हती, माझ्याकडं नव्हती. आमच्यात वर्ष होईस्तोवर सण करत नाहीत."

"गीझर घासला होता?"

"कुणासाठी घासायचा?"

मी खिशातून तुकड्याचे मोठे केलेले छायाचित्र काढले आणि टेबलावर ठेवले. रेघा दाखवल्या. जिथे रेघ असायला हवी होती ती जागाही दाखवली. मग बोट आत नेऊन फुगवट्यावर ठेवले.

"आणि हे बाळंतपण. ते याच घरात झालं का?"

"हिला आई नाही, मग कुठं होणार? मी केलं." गिरिजाबाईंचा आवाज थोडा वर चढला. "सव्वा महिना. शेक-शेगडी, सगळं. पोरीला दोन टाइम न्हाऊ घालायची मी, माझ्या पायांवर घेऊन. ह्या मेल्या पाण्याला फेस येत नव्हता म्हणून डाळीचं पीठ लावायची. विचारा हिला."

"माझ्या अहवालात ते पस्तीस सालात पडलं आहे."

बनसोडे बाईंनी समोरचा जन्मदाखला पाहिला. "मुलगी चौतीसची आहे."

"हो. म्हणजे त्या न पडलेल्या रेघेच्या आतलं सगळं एक वर्ष सरकलं आहे. मी दोन वर्षं एक म्हणून वाचली. जास्त माणूस कोणी नव्हता. पहिल्या वर्षात सुधीरराव होते."

"म्हणजे मशीन खोटं?" दीपक म्हणाला. "आधी एक सांगायचं, आता एक. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"मशीन खरं आहे," मी म्हणालो. "मी खोटं वाचलं."

दीपक आणखी काही बोलणार होता, पण गिरिजाबाईंनी छायाचित्र स्वतःकडे ओढून घेतले होते. फुगीर पट्टी, बारा-तेरा दिवसांची, त्यांच्या नखाखाली होती. ती कसली, हे मी सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नाही.

"हिनं तरी सांगायचं ना," त्या छायाचित्रावरून नजर न काढता म्हणाल्या. "सण नव्हता म्हणून."

"मला रेघेचं कुठं माहीत होतं, आई?" शलाकाताई म्हणाली. "मला एवढंच विचारलं, कोण होता. कुणीच नव्हता, तर काय सांगू? आणि तुम्हाला तर माहीत होतं, वर्षभर दर रविवारी तुम्ही येत होता. तुम्हाला कधी कुणी दिसला?"

गिरिजाबाईंनी छायाचित्र बाजूला सारले. पदराने तोंड पुसले. मग बनसोडे बाईंना म्हणाल्या, "पोरगी आईजवळ राहू द्या. लिहा तसं. मला सुट्टीत पाठवली तरी बास."

"आई, अगं—"

"दीपक, मी दगड नाही वाचत. पण हिला मी दर रविवारी बघत होते, आणि कागद आला तर कागदाचं खरं मानलं. आता गप बस."

बनसोडे बाईंनी लिहून घेतले. सगळ्यांच्या सह्या झाल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला वीस मिनिटेही लागली नाहीत.

बाहेर बाकावर रेवा दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या हातातले छायाचित्र तिने पाहिले.

"हे काय आहे?"

"तुमच्या गीझरमधला दगड." मी तिच्या शेजारी बसलो; मुलांशी बोलताना मला फार अडखळायला होत नाही. "आणि हे इथे जाड दिसतंय ना, ही तू. जन्मल्यावर आजी तुला दोनदा अंघोळ घालायची."

"दोनदा? रोज?" तिने तोंड वाकडे केले. "मी रडायचे का?"

"ते यात दिसत नाही."

शलाकाताई मागे येऊन उभी राहिली होती. आभार मानील असे मला वाटले नव्हते, आणि तिने मानले नाहीत. रेवाला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवले आणि ती लांब गेल्यावर म्हणाली, "तीन महिने झाले तुमच्या कागदाला. एक दिवस हिनेही विचारलं मला. आई, तो काका कोण होता गं? शेजारच्या कुणाकडून तरी ऐकून आली होती. मी नाही म्हटलं. हिने बरं म्हटलं. पण ते बरं कसं होतं, ते मला अजून ऐकू येतं." तिने माझ्या हातातल्या छायाचित्राकडे पाहिले. "तेही यात दिसत नसेल."

"नाही," मी म्हणालो.

रेवा भरलेली बाटली घेऊन पळत आली. दोघी जिना उतरल्या. वळणावर मुलीने आईचा हात धरला की आईने मुलीचा, ते मला वरून नीट कळले नाही.

त्यानंतरचे काम लांबलचक आहे आणि ते अजून चालू आहे. दोनशे चौदा घरांना मी स्वतः फोन करतो. ज्या माणसाला दुकानात सुटे पैसे परत मागायलाही संकोच होतो त्याला अनोळखी लोकांना विचारावे लागते: तुमच्याकडे मधे एखादे वर्ष दिवाळी झाली नव्हती का? काही जण फोन ठेवून देतात. काही बराच वेळ बोलतात. मी थांबवत नाही. आतापर्यंत एकोणीस घरांत रेघ चुकलेली निघाली. त्यांतल्या दोन घरांत आता काहीही दुरुस्त करता येण्यासारखे उरलेले नाही. त्यांची दुरुस्तीची पत्रेही मी पाठवली.

केंद्राचा अर्ज बदलला आहे. नमुना कापण्यापूर्वी घरातल्या माणसांनी पहिल्याच ओळीत भरायचे असते: 'सण न केलेली वर्षे.' त्यापुढे 'कारण' असा रकाना असावा असे मॅडमनी सुचवले होते. मी तो ठेवू नये अशी विनंती केली. वाचायला वर्ष पुरते.

छापून आलेल्या गठ्ठ्यातला पहिला अर्ज मी घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आमच्याच घराचा भरला. २०४२. आई डाळ भिजत घालत होती. आमच्या पाण्यात डाळ रात्रभर भिजवली तरच शिजते. मी फडताळातून लिंबूसत्वाची पुडी काढली.

"आता सण नसला तरी घालून टाकतो," मी म्हणालो. "अर्धा तास वाट बघत उभी असतेस रोज."

आईने माझ्या हातातून पुडी घेतली, तिच्यावरची धूळ पुसली, आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

"दिवाळीला घालू," ती म्हणाली. "तोवर तापू दे उशिरा."